निळा ओघळ

'लिफ्ट बंद आहे' ही पाटी दिसली की आपण सगळ्यात आधी काय करतो? पायऱ्या चढायला लागतो? छे! आधी कोणाला तरी शिव्या देतो आणि मग पायऱ्या चढतो. शिवी द्यायची म्हणजे समोर माणूस लागतो. माणूस नसला तर आपण तो शोधून काढतो, आणि तो सापडायला आपल्याला फारसा वेळही लागत नाही. नागरिक म्हणून आपल्या अंगी जे थोडेफार गुण आहेत, त्यात हा एक फार पक्का आहे.

एका पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईला असा माणूस सापडला होता. तिचं नुसत्या शिव्यांनी भागणार नव्हतं. तिला त्या माणसाचं बिऱ्हाड मुळासकट उपटून टाकायचं होतं.

सगळी इमारत तिला कोटवाली म्हणायची. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट ती घरी धुवायची, त्यांना नीळ द्यायची आणि कडक इस्त्री करून परत पाठवायची. निळीत हात घालून घालून तिच्या नखांच्या कडा कायमच्या निळसर झाल्या होत्या. आज जिथे इमारत उभी आहे तिथे पूर्वी पत्र्याच्या आणि फळकुटांच्या घरांची वस्ती होती. तेव्हाही तिचं काम हेच होतं. मग यंत्रं आली, वस्ती पडली, ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या, कोंदट खोल्यांत वर्षं गेली आणि एकदाची चावी हातात पडली. खोल्या लहान होत्या, पण भिंती पक्क्या होत्या आणि नळ घरातच होता. पहिल्या दिवशी ती उगाचच नळ सोडत होती आणि बंद करत होती, आणि तिचा नवरा ते बघून हसत होता.

वस्तीत अख्ख्या गल्लीला मिळून एकच नळ होता. त्यामुळे पाणी वाया घालवणं तिला पाप वाटायचं. कोटांना दिलेल्या निळीचं उरलेलं पाणी ती कधी फेकून देत नसे. त्यानेच ती दारापुढची जागा खराट्याने खसाखसा घासून धुवायची. पाणी समोरच्या गटारात जायचं आणि गटार पुढे कुठेतरी. कुठे, ते कोणी कधी विचारलं नाही. 'दार बघावं तर कोटवालीचं' असं बायका म्हणायच्या आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं.

नव्या घरात दारापुढे गटार नव्हतं. चार घरांची दारं उघडतील असा एक फरशीचा पॅसेज होता आणि त्याच्या टोकाला लिफ्ट. पण सवय काय घर बदललं म्हणून सुटते? रोज सकाळी निळीच्या पाण्याची बादली पॅसेजमध्ये रिकामी व्हायची, खराटा फिरायचा आणि फरशी लख्ख व्हायची. तिचं बघून खालच्या मजल्यांवरच्या बायकांनाही चेव चढला. प्रत्येक मजल्यावर सकाळी बादल्या वाजायला लागल्या. अख्खी इमारत स्वच्छ! पाहुणे यायचे ते तोंडभर कौतुक करून जायचे.

तिचा नवरा गवंडी होता, आणि फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पॅसेजमध्ये उकिडवा बसला, फरशीला डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, "उतार उलटा दिलाय गं. सगळा लिफ्टच्या दाराकडे. इथे पाणी जपून टाक."

"घरात तरी गवंडीकाम बंद ठेवा," ती म्हणाली. "नळाला पाणी आहे आता. जपायचे दिवस गेले."

तो हसला आणि आत गेला. त्या दोघांत भांडण असं कधी फार टिकायचंच नाही.

लिफ्ट महिनाभरात कुरकुरायला लागली, मग अधूनमधून बंद पडायला लागली. स्वस्तातला एक कारागीर यायचा, पेटीचं झाकण उघडून आत फुंकर मारायचा, दोन थपडा द्यायचा आणि लिफ्ट चालू करून जायचा. चार दिवसांनी पुन्हा पाटी.

पाटी लागलेली असतानाच एका दुपारी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली.

शेजारच्या घरात एक भाडेकरू राहत होता. रात्री एका गोदामावर पहारा करायचा आणि दिवसा झोपायचा, म्हणून तो घरी सापडला. त्याने आणि खालच्या मजल्यावरच्या एका माणसाने गवंड्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायला घेतलं. कोटवाली घरात औषधं आणि इस्पितळाचे कागद शोधत मागे राहिली. ती धावत जिना उतरत आली तेव्हा चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टेकवलेली होती आणि दोघे पुरुष मान खाली घालून उभे होते. रुग्णवाहिका फाटकाशी दार उघडून उभीच होती. "लवकर आणायला हवं होतं," इस्पितळातला डॉक्टर म्हणाला. त्याच्या अंगावरच्या कोटाची नीळ तिच्याच हातची होती.

भेटायला आलेल्यांत सोसायटीचा अध्यक्षही होता. वस्तीत असताना त्याचं किराणा दुकान होतं, म्हणून सगळे अजून त्याला दुकानदारच म्हणायचे. बसता बसता तो बोलून गेला, "त्या भाडेकऱ्याच्या दोन पोरी. दिवसभर लिफ्टमध्ये वर-खाली, वर-खाली. सगळी बटणं दाबतात. यंत्र आहे ते, खेळणं नव्हे. मग बिघडेल नाही तर काय?"

कोटवालीचे डोळे तोवर कोरडे होते. ते वर उचलले गेले. तिनेही बघितलं होतं की! दोघी पोरी लिफ्टमध्ये खिदळत होत्या आणि बोटं बटणांवरून फिरत होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या क्षणी तिच्या दुःखाला दिशा मिळाली, आणि दिशा मिळालेलं दुःख फार वाईट असतं. ते बसून रडत नाही. ते कंबर कसून उठतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सुरुवात केली. मजल्यावरच्या बायकांना भाडेकरणीशी बोलायची बंदी केली. पोरींच्या दाराबाहेरच्या चपला जिन्यातून खाली भिरकावल्या. सकाळी एका बादलीच्या जागी दोन ओतायला लागली, आणि दुसरी मुद्दाम भाडेकऱ्याच्या दाराच्या दिशेने. त्याच्या दाराला उंच उंबरा होता. पाणी त्यावर आपटायचं आणि उलटं फिरून जायचं. कुठे जायचं, ते तिने बघितलं नाही. तिला फक्त आतून भाडेकरीण घाबरून फडकं घेऊन धावते का एवढंच बघायचं होतं, आणि ती धावायची. कोटवालीला तेवढंच समाधान.

मग तिने घराच्या मालकाला फोन लावला. तो तिच्याच जुन्या गल्लीतला. चावी मिळाल्या मिळाल्या घर भाड्याने देऊन तो दूर राहायला गेला होता.

"पुनर्वसनाचं घर भाड्याने देता येत नाही, माहीत आहे ना?" तिने ठणकावलं. "त्यांना बाहेर काढ, नाहीतर मी कचेरीत जाऊन तुझं घरच रद्द करवते."

मालकाची तंतरली. महिनाअखेर घर खाली करा, असा निरोप भाडेकऱ्याला लगेच पोचला. एवढ्यावरही तिचं मन भरलं नाही. त्यांनी गुपचूप निघून जाणं तिला नको होतं. शेवटच्या रविवारी सोसायटीची सभा होती. त्या सभेत सगळ्यांसमोर पोरींना उभं करायचं, आईबापांनी गुन्हा कबूल करायचा आणि मगच सामान उचलायचं, असं तिने दुकानदाराकडून कबूल करून घेतलं. तोवर लिफ्ट दुरुस्तच करायची नाही, असंही ठरलं.

भाडेकरीण एकदा तिच्या दारात आली. अंगाने किडकिडीत बाई, शहरात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"ताई, माझ्या पोरींनी बटणं दाबली असतील. लिफ्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. हवं तर त्यांना मारा, पण घर काढू नका. हे रात्रपाळीला जातात. पोरींना घेऊन मी एकटी कुठे राहू? दुसरं घर कोणी देत नाही आम्हाला. पुलाखाली जावं लागेल."

"माझे हे जिन्यात गेले," कोटवाली म्हणाली. "तुला निदान पुलाचं छप्पर तरी आहे!"

आणि तिने दार लावून घेतलं. आत येऊन ती बराच वेळ इस्त्री करत राहिली. एकाच कोटावर, पुन्हा पुन्हा.

अशात तिची नणंद आली. आक्का. एका कारखान्याच्या उपाहारगृहात जन्मभर मोठाली पातेली ढवळलेली बाई, हात आणि जीभ दोन्ही दणकट. गुडघे मात्र गेलेले. अकरा मजले ती प्रत्येक वळणावर बसत आणि बिल्डरच्या खानदानाचा उद्धार करत चढली. भाऊ गेला तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे आत्ता कुठे येता आलं होतं. आक्का तिच्या गळ्यात पडून रडली. मग चहा झाला, आणि कोटवालीने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला.

"रविवारी बघा तुम्ही! अशी नाक घासायला लावते की जन्मात पुन्हा या शहरात पाय ठेवणार नाहीत."

आक्काने कप खाली ठेवला. "तुझा नवरा व्हायच्या आधी तो माझा भाऊ होता. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय. ज्याने त्याला मारलं त्याची मान दाखव, मुरगळायला मी तुझ्या पुढे असेन. पण मान बरोबर माणसाची पाहिजे हं. लिफ्ट पोरींनीच मोडली हे कोणी सांगितलं?"

"दुकानदारांनी."

"दुकानदार लिफ्ट दुरुस्त करतो होय? मला वाटलं साखर विकायचा."

"मी स्वतः बघितलंय आक्का, बटणं दाबताना."

"बटणं दाबताना बघितलंस. मोडताना बघितलंस का?" आक्का पुढे सरकली. "तुम्ही दोघं त्या वस्तीत नवीन आलात तेव्हाची आग आठवते? गल्लीतली घरं जळली आणि सगळे म्हणाले, हे नवे आलेत ना, यांच्याच स्टोव्हने पेटलं. तुमची झोपडी लोकांनी हातांनी ओढून पाडली. तू माझ्या दारात आलीस तेव्हा तुझ्या पायात चप्पलसुद्धा नव्हती."

कोटवाली रिकामे कप उचलायला लागली.

"मग पुढे कळलं की ठिणगी याच दुकानदाराच्या चोरीच्या वायरीतून पडली होती. तेव्हा माफी मागायला कोण आलं तुमच्याकडे?"

"कोणी नाही."

"का नाही आलं?"

"आम्ही तोवर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो."

"तेच म्हणते मी. माणूस हाकलला की खरं-खोटं विचारायला कोणी उरतच नाही. म्हणून तर लोकांना हाकलायची एवढी घाई असते. आधी खात्री कर बाई. मग खुशाल मुरगळ."

बोलणं कोटवालीच्या मनाला लागलं, पण पटलं नाही. उलट तिला हुरूप आला. खात्रीच पाहिजे ना? मग खात्री आणते! इस्पितळातल्या लिफ्ट सांभाळणारा जुना कारागीर तिच्या ओळखीचा होता. त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं की आक्काचं तोंड बंद, दुकानदाराचं बळ दुप्पट आणि भाडेकऱ्याला पळायला वाट नाही. तिने त्याला रविवारी सभेआधी बोलावलं.

रविवारी तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत, खुर्च्या मांडल्या गेल्या. भाडेकरू बायको-पोरींसह एका खांबापाशी येऊन उभा राहिला. शेजारी गाठोडी बांधून ठेवलेली. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला होता. कोटवालीने त्यांच्याकडे एकदा पोटभर बघून घेतलं आणि ती कारागिराबरोबर लिफ्टपाशी गेली.

कारागिराने तळमजल्याचं दार किल्लीने उघडलं. लिफ्टची खोली पार शेवटच्या मजल्यावर अडकून होती. खाली अंधारा खड्डा. त्याने टॉर्च मारला, आणि खड्ड्यात पाणी चमकलं.

"अरे बापरे! हे तर तळं झालंय," तो म्हणाला. त्याने वाकून बोट बुडवलं आणि हुंगलं. "साबण आहे. लादी धुतल्याचं पाणी. बाई, जरा टॉर्च धरा."

तिने टॉर्च धरला. तो वर बघत होता.

"प्रत्येक मजल्याच्या दाराखालून पाणी आत आलंय. दार नीट लागलंय की नाही हे सांगणारा एक खटका असतो बघा. तो भिजला की लिफ्ट जागची हलत नाही. हलली तर माणूस मरेल, म्हणून तशी रचनाच असते."

"पण पोरींनी बटणं..."

"बटणं दाबायलाच असतात बाई! बटणं दाबून लिफ्ट मोडायला लागली तर जगात एक लिफ्ट चालायची नाही." तो हसला आणि मग बोटाने दाखवलं. "तो बघा. सगळ्यात मोठा ओघळ पार वरून आलाय. टॉर्चच्या उजेडात दिसतोय का? निळा आहे."

कोटवालीने टॉर्च वर धरला.

काळ्या भिंतीवरून एक निळा पट्टा सरळ खाली उतरला होता. वर, अगदी वर, अकराव्या मजल्याच्या दाराखाली तो रुंद आणि गडद होता. खाली येईल तसा निमुळता होत होता. त्याच्या वरच्या मजल्यांवर निळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. त्याच्या एका बाजूने एक ताजा ओघळ अजून ओला होता.

उतार उलटा दिलाय गं. सगळा लिफ्टच्या दाराकडे. इथे पाणी जपून टाक. गवंड्याने सांगितलं होतं! फरशीला डोळा लावून, उकिडवं बसून, तिच्याच माणसाने तिला सांगितलं होतं, आणि तिने त्याला घरात गवंडीकाम बंद ठेवायला सांगितलं होतं!

इतके दिवस ती एक मान शोधत होती. आता ती सापडली होती आणि ती तिच्याच खांद्यांवर होती.

"कोण टाकतं हे निळं पाणी, माहीत आहे का तुम्हाला?" कारागिराने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिने नकळत हात पाठीमागे लपवला. कळायचं कारण नव्हतं कोणाला. खड्डा उपसला, दार लावलं की ओघळ पुन्हा अंधारात. बाहेर सभा वाट बघत होती. गाठोडी बांधलेलीच होती. ती एक शब्द बोलली नसती तरी सगळं तिच्या मनासारखं झालं असतं.

"मीच सांगते," ती म्हणाली.

ती सभेत आली तेव्हा दुकानदार खुशीत होता. "या कोटवालीबाई, या! कारागीर काय म्हणाला ते सगळ्यांना सांगा. म्हणजे ठराव करून टाकू."

"गुन्हेगार सापडला," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. भाडेकरणीने दोन्ही पोरींना मागे ओढलं.

कोटवालीने हात वर केला. बोटं पसरली. "हा सापडला. ही नखं बघा. ही नीळ लिफ्टच्या भिंतीवर अकराव्या मजल्यापासून खालपर्यंत उतरलीये. मी रोज ओतलेलं पाणी लिफ्टमध्ये जात होतं. माझ्या माणसाची लिफ्ट मी बंद पाडली. दुसऱ्या कोणी नाही. मी! जाऊन बघा, टॉर्च तिथेच आहे."

मग पुढच्या रांगेतली सातव्या मजल्यावरची बाई हळूच म्हणाली, "पण पॅसेज तर आम्हीही धुतो."

"आम्हीही," दुसरी म्हणाली.

"धुता ना?" कोटवाली म्हणाली. "माझ्या पाण्यात नीळ होती म्हणून माझं दिसलं. तुमचं दिसलं नाही, एवढाच फरक."

दुकानदार घसा खाकरून उभा राहिला. "झालं ते झालं. वाईट वाटून घेऊ नका. कोणी मुद्दाम केलं नाही. आता भाडेकऱ्यांचं म्हणाल तर घर खाली करायचं ठरलंच आहे, मालकही तयार आहे, तेव्हा तो ठराव आपण..."

"का?" कोटवाली अशी गरजली की मागच्या रांगेतलं मूल रडायला लागलं. "पोरींवर खापर फोडायचं होतं तोवर 'यंत्र आहे, खेळणं नव्हे'! आणि आपल्यावर आलं की 'कोणी मुद्दाम केलं नाही'? लिफ्ट बिघडवणाऱ्याला हाकलायचं होतं ना? मग करा ठराव. पहिलं माझं नाव घाला, मग सातव्या मजल्याचं. आणि दुकानदार, तुमच्या घरात पॅसेज कोण धुतं? वहिनीच ना? त्यांचंही घाला! होऊ दे इमारत रिकामी, या चौघांना राहू दे एकट्यांना. त्यांच्या घरातून पॅसेजमध्ये पाण्याचा थेंब आलेला मी तरी बघितला नाही. त्यांनी माझंच पाणी पुसलंय रोज!"

मागून आक्काचं हसू ऐकू आलं. रडता रडता आलेलं हसू होतं ते.

दुकानदार खाली बसला. ठराव बारगळला. तिने तिथेच उभं राहून सगळ्यांदेखत मालकाला फोन लावला आणि पूर्वीच्याच आवाजात सांगितलं, "मी कोटवाली. त्यांना काढलंस तर गाठ माझ्याशी आहे!" बिचाऱ्या मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही की बाईला नक्की हवंय काय.

मग ती खांबापाशी गेली. माफी कशी मागतात हे तिला ठाऊक नव्हतं. आयुष्यात तिची कोणी मागितली नव्हती. तिने नुसतं सगळ्यात मोठं गाठोडं उचललं आणि जिन्याकडे चालायला लागली. "ताई, राहू द्या," भाडेकरू मागून धावला. तिने ऐकलं नाही. तिच्यामागे तो, त्याची बायको, पोरी, आणि सगळ्यात मागे गुडघे धरत आक्का.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. तो गेल्यापासून इथून ती डोळे मिटून चढायची. गाठोडं खाली ठेवून तिने भाडेकऱ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत तिने त्याला एक गोष्ट विचारली नव्हती, कारण शत्रूला काही विचारायचं नसतं.

"इथे ते 'थांबा' म्हणाले, असं मला त्या खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं. फार दुखत होतं का हो?"

भाडेकऱ्याने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "दुखत असेल ताई. पण त्यासाठी नव्हते म्हणाले. मला धाप लागली होती, हातातून खुर्ची सटकत होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'थांबा जरा. रात्रभर जागलेला माणूस आहेस, दमलास. टेकव खाली.' मी टेकवली. मी टेकवायला नको होती ताई. ते मला रोज आठवतं."

कोटवाली पायरीवर बसली आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. आपल्या माणसाचा सूड म्हणून ती ज्याला रस्त्यावर काढायला निघाली होती, त्याला दम खाऊ द्यावा म्हणून तिचा माणूस थांबला होता! धाकटी पोर जवळ आली आणि तिच्या निळ्या नखांवरून बोट फिरवत उभी राहिली. कोटवालीने तिला उचलून मांडीवर घेतलं.

सूडाची सवय मात्र एका दिवसात जात नाही, आणि थोडी शिल्लक राहिली ते बरंच झालं. आठवड्याभराने इमारतीतल्या बायका बिल्डरच्या कचेरीत गेल्या. कोटवालीच्या हातात बादली होती. कोणी काही म्हणायच्या आत तिने निळं पाणी त्या चकचकीत फरशीवर ओतलं. पाणी गुमान भिंतीकडेच्या जाळीत जाऊन नाहीसं झालं.

"तुमच्या इथला उतार बरोबर आहे की," ती म्हणाली. "म्हणजे येतो तुम्हाला उतार द्यायला!"

लगेचच गवंडी आले. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उंच पट्टी बसली, कोपऱ्यात जाळी आली, खड्डा उपसला गेला. बायकांनी बादल्या सोडल्या आणि ओलं फडकं धरलं. ते फडकं पिळायला पोरींना शिकवलं कोटवालीनेच. कारागीर लिफ्टची भिंत पुसून द्यायला निघाला तेव्हा मात्र तिने त्याला अडवलं. "तो निळा ओघळ राहू दे," ती म्हणाली.

तो अजून तिथे आहे. नागरिकहो, आपली शहरं आता आडवी वाढायची थांबली आहेत. ती एकावर एक उभी राहतायत, आणि त्यांत रोज कोणीतरी नवं माणूस गाठोडं घेऊन राहायला येतंय. जमिनीवर होतो तोवर आपण दारातून फेकलेलं पाणी कुठेतरी निघून जायचं. आता ते कुठेतरी जात नाही, खाली जातं, आणि खाली कोणीतरी राहतं. तेव्हा पुन्हा लिफ्ट बंद दिसेल, नळ कोरडा दिसेल, रस्ता तुंबलेला दिसेल, आणि शिवी द्यायला सगळ्यात नवा, सगळ्यात दुबळा माणूस समोर आयता दिसेल, तेव्हा एवढंच करा. बोट त्याच्याकडे उचलायच्या आधी त्या बोटाचं नख कोणत्या रंगाचं आहे ते बघा.